मुठेचे गाणे समूहाने कसे बांधावे

नदीवर गाणे करायचे ठरले की समूहातल्या कोणाच्या तरी वहीत ‘खळखळ’, ‘माउली’ आणि ‘जीवनदायिनी’ हे शब्द आधीच उतरलेले असतात. असे गाणे वाईटच होते असे नाही, परंतु ते मुठेऐवजी पंचगंगेवर किंवा वैनगंगेवर म्हटले तरी कोणाच्या लक्षात येत नाही. म्हणून पहिल्याच बैठकीत एक कसोटी ठरवून घ्यावी: प्रत्येक ओळीत नदीचे नाव बदलून पाहावे आणि ओळ तरीही तशीच शोभली तर ती काढून टाकावी. पुढची सगळी पद्धत याच कसोटीच्या आधाराने, पुण्याच्या मुठेचे उदाहरण घेऊन मांडली आहे.

लिहिण्याआधी माहिती गोळा करावी आणि या कामाला सगळा समूह लावावा. कोणी नकाशा समोर घेऊन नदीचा मार्ग लिहून काढावा: पानशेतची आंबी आणि वरसगावची मोसे मुठेला खडकवासल्याच्या वर येऊन मिळतात, तिकडे मुळशीहून आलेली मुळा दापोडीला पवनेला पोटात घेते, मग संगम पुलाजवळ मुळा आणि मुठा एक होतात आणि मुळा-मुठा पूर्वेकडे जाऊन भीमेला मिळते. कोणी पेठांतल्या वृद्धांकडे जाऊन १२ जुलै १९६१ ची आठवण विचारावी. त्या दिवशी पानशेतचे धरण फुटले, पाठोपाठ खडकवासल्याचेही फुटले, आणि जुने पुणेकर आजही त्या पुराला नुसते ‘पानशेत’ म्हणतात. सांगणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे टिपावेत, कारण पाणी कोणत्या पायरीपर्यंत आले, घरातले काय आधी उचलले, असे तपशील कल्पनेने सुचत नाहीत. ज्यांचे घर किंवा माणूस त्या पुरात गेले, त्यांचे बोलणे गाण्यात घेण्यापूर्वी त्यांना विचारावे.

आजच्या बोलण्याकडेही तितकेच लक्ष असावे. धरणातून विसर्ग वाढला की आकडा क्युसेकमध्ये जाहीर होतो आणि लोक एकमेकांना ‘भिडे पूल पाण्याखाली गेला’ एवढेच सांगतात, कारण मुठेच्या पात्रातला हा पूल ठेंगणा आहे. ‘पाणी सोडले’, ‘पात्रातला रस्ता बंद’ ही या शहराची रोजची नदीभाषा आहे आणि ती गाण्यात यायला हरकत नाही. सांडपाणी, जलपर्णी आणि वासही वगळू नये. नदीला देवी म्हणून आळवणे आणि तिच्यात काय सोडले जाते त्यावर मौन पाळणे, या दोन्ही गोष्टी एकाच गाण्यात आल्या की ऐकणाऱ्याला खोट लगेच कळते.

माहिती सर्वांनी आणावी, पण लिहायला दोघे-तिघेच बसावेत. तीस जणांनी मिळून ओळ लिहिली की प्रत्येकाचा एकेक शब्द राहतो आणि ओळ राहत नाही. हा भाग नाजूक असल्यामुळे शब्दांचे श्रेय सगळ्या समूहाचे राहील, हे आधीच बोलून घ्यावे.

छंद निवडताना गाणाऱ्यांच्या जिभेवर आधीपासून काय आहे ते पाहावे. भजनी मंडळातली माणसे असतील तर अभंगाची सहा-सहा-सहा-चार अक्षरांची घडण त्यांना शिकवावी लागत नाही. मिश्र समूहाला आठ अक्षरांची ओळ सोपी जाते, कारण ती केहरवा तालाच्या आठ मात्रांत अक्षराला एक मात्रा अशी बसते. समजा, पहिल्या खर्ड्यात ओळ आली ‘एका भिंतीशी थांबती’. अक्षरे बरोबर आठ आहेत, पण चौथ्या मात्रेनंतर ठेक्याचा दुसरा भाग सुरू होतो आणि ‘भिंती’ व ‘शी’ यांची ताटातूट होते. म्हणून शब्द चार-चारच्या खणांत बसवून कडवे असे करता येईल:

आंबी मोसे मुठा तिन्ही
भिंतीपाशी थांबती
दारे कोणी उघडता
पुण्यातून वाहती

दुसरी आणि चौथी ओळ मुद्दाम सात अक्षरांची ठेवली आहे. कागदावर मोजणाऱ्याला ती अपुरी वाटेल, परंतु त्या रिकाम्या आठव्या मात्रेत ‘ती’ लांबवता येते आणि नवख्या गायकाला श्वासही घेता येतो. चाल लावताना स्वर नेहमी दीर्घ अक्षरावरच ताणावा. ‘उघडता’मधला ‘ड’ लांबवला तर तो ‘डा’ ऐकू येतो आणि शब्द मोडतो.

चालीसाठी भूप राग घेणे सोयीचे पडते. सा रे ग प ध एवढेच स्वर असल्याने अर्ध्या स्वराचे अंतर कोठेच येत नाही आणि दोन गट मागे-पुढे गायले तरी सूर फारसे टोचत नाहीत. याचा मुठेला फार नेमका उपयोग होतो. समूहाचे आंबी, मोसे आणि मुठा असे तीन गट करावेत, एकाने ओळ सुरू केल्यावर सोळा मात्रांनी दुसऱ्याने आणि आणखी सोळा मात्रांनी तिसऱ्याने तीच ओळ उचलावी. मुळेच्या गटाला वेगळे कडवे द्यावे, त्यात दापोडीच्या उल्लेखापाशी पवनेचे आवाज मिसळावेत आणि संगमाच्या ओळीवर सर्वांनी एकाच चालीत यावे. कमी तयारीच्या समूहाने मात्र मागे-पुढे गाण्याचा हट्ट सोडून आळीपाळीने गावे. गोंधळापेक्षा ते केव्हाही बरे.

पट्टीवरून, म्हणजे सा किती उंच धरायचा यावरून, स्त्री-पुरुषांच्या समूहात हमखास वाद होतो. काळी दोनचा (हार्मोनियमच्या दुसऱ्या काळ्या पट्टीचा) सा धरून चाल मंद्र धैवतापासून मध्य धैवतापर्यंत, म्हणजे सा च्या खालच्या ध पासून वरच्या ध पर्यंत एका सप्तकात ठेवली, तर पुरुष खालच्या आणि स्त्रिया वरच्या सप्तकात बहुधा विनासायास गातात. तार षड्जाची, म्हणजे वरच्या सा ची हौस एखाद्या एकट्या आवाजाला भागवू द्यावी.

तालमीत आधी चाल शिकवू नये. शब्द टाळीवर नुसते म्हणून घ्यावेत, मग हार्मोनियमवर चाल द्यावी आणि ढोलकी सर्वांत शेवटी आणावी. नंतर खोलीच्या दुसऱ्या टोकाला फोन ठेवून ध्वनिमुद्रण करावे, ते गाण्याचा कागद न पाहिलेल्या माणसाला ऐकवावे आणि त्याने काय ऐकले ते लिहून घ्यावे. ‘मोसे’ त्याच्या कानावर पोचली नाही तर दोष बहुतेक वेळा उच्चाराचा नसून ढोलकीच्या जोराचा असतो.

शेवटचे कडवे कोठे न्यायचे, यावर समूहात मतभेद होतील. माझे मत असे की गाणे संगमाच्या पुढे पुण्यातच असलेल्या बंडगार्डनला थांबवू नये. पुण्याचे पाणी भीमेतून उजनीच्या जलाशयात आणि तेथून पंढरपूरला जाते, जेथे त्याच भीमेला चंद्रभागा म्हणतात. आषाढात पालख्या पुण्यात मुक्काम करून ज्या नदीच्या स्नानाला निघतात, तिच्यात या शहराचे सांडपाणी आधीच मिसळलेले असते. या कडव्याला ढोलकी बंद ठेवून टाळ घ्यावेत आणि आरोप न करता नुसता मार्ग सांगावा: संगम, भीमा, उजनी, चंद्रभागा.

प्रयोगासाठी नदीकाठच्या ओंकारेश्वर मंदिराजवळची किंवा विठ्ठलवाडीची जागा मोहक वाटते, परंतु उघड्यावर आवाज विखुरतो आणि पुलावरची वाहतूक शब्द खाऊन टाकते, म्हणून पाठीशी भिंत असलेली जागा शोधून अर्धवर्तुळात उभे राहावे. ध्वनिवर्धक लावायचा असल्यास पोलिसांची परवानगी आधी काढावी आणि रात्री दहाच्या आत आटोपावे. पावसाळ्यात कार्यक्रम ठेवल्यास पात्रात उतरू नये आणि त्या दिवशीचा खडकवासल्याचा विसर्ग सकाळीच पाहून ठेवावा.