थरारकथेचे ई-बुक विकताना: वाचकाला पुढच्या पुस्तकापर्यंत नेण्याची पद्धत

माझी पहिली थरारक कादंबरी ई-बुक म्हणून प्रसिद्ध झाली तेव्हा दुसरीची जेमतेम तीन प्रकरणे लिहून झाली होती. तरीही मी जाहिरातींवर पैसे घातले, किंमत उतरवली आणि पहिल्या महिन्यात बऱ्यापैकी वाचक मिळवले. त्यांच्यापैकी कित्येकांनी पुस्तक दोन दिवसांत संपवले, पुढचा भाग कधी येणार असे अभिप्रायात विचारले, आणि मग ते दुसऱ्या लेखकांकडे वळले. दुसरे पुस्तक चौदा महिन्यांनी आले, पण ही बातमी त्यांना कळवण्याचे कोणतेही साधन माझ्याजवळ नव्हते, कारण ऑनलाइन दुकान खरेदीदाराचा पत्ता लेखकाला देत नाही. ई-बुकाच्या विक्रीविषयी पुढे मी जे शिकले ते सगळे या चुकीतून शिकले. थरारकथेचा वाचक वेगाने वाचतो आणि आवडलेल्या नायकामागे मालिकाभर जातो. म्हणून पहिल्या पुस्तकाचा प्रचार करायचा तो पुढच्या पुस्तकाकडे नेणारी वाट तयार असतानाच. माझा स्पष्ट सल्ला असा आहे की दुसरे पुस्तक पूर्ण आणि तिसरे निम्मे लिहून होईपर्यंत जाहिरातीवर एक पैसाही खर्च करू नये. पहिले पुस्तक प्रसिद्ध करायला हरकत नाही, पण खर्च थांबवावा.

दुकानातली मांडणी

ॲमेझॉनच्या किंडल डायरेक्ट पब्लिशिंग या स्वप्रकाशनाच्या सेवेवर, म्हणजे लेखकांच्या बोलण्यातल्या केडीपीवर, पुस्तक चढवायला शुल्क पडत नाही आणि ई-बुकासाठी आयएसबीएन क्रमांकही लागत नाही. करविषयक माहितीचा अर्ज मात्र सुरुवातीलाच नीट भरावा, कारण अमेरिकेबाहेरच्या लेखकाच्या अमेरिकी कमाईवर किती कर कापला जाईल हे त्यावर ठरते. मजकुराची फाइल ईपब स्वरूपात द्यावी. ती किंडल प्रिव्ह्यूअरमध्ये उघडून पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत डोळ्यांखालून घालावी. प्रकरणांची अनुक्रमणिका तुटलेली असेल तर ते इथेच दिसते.

मुखपृष्ठासाठी केडीपी २५६० बाय १६०० पिक्सेलचे चित्र सुचवते, पण वाचक ते प्रथम पाहतो ते नखाएवढ्या आकारात, आणि पुष्कळदा कृष्णधवल पडद्यावर. चित्रकाराकडून आलेला नमुना त्या आकाराला लहान करून, रंग काढून पाहावा. शीर्षक वाचता आले नाही तर नमुना परत पाठवावा. माझ्या पहिल्या मुखपृष्ठावर धुक्यातले तळे आणि एक रिकामी होडी होती. चित्र सुंदर होते, पण ते पाहून संथ कौटुंबिक कादंबरीची अपेक्षा बाळगणाऱ्यांनी पुस्तक घेतले आणि दुसऱ्याच प्रकरणातल्या खुनाने ते नाराज झाले. आपल्या प्रकारात सध्या विकल्या जाणाऱ्या तीस पुस्तकांची मुखपृष्ठे शेजारी शेजारी मांडून आपले त्या रांगेत शोभते का हे तपासावे. वेगळेपणाची हौस कथानकात भागवावी. चित्र किंवा मजकूर कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेला असल्यास पुस्तक चढवताना तसे सांगणे २०२३ पासून बंधनकारक आहे, आणि ते प्रामाणिकपणे सांगावे.

परिचयाच्या मजकुराला चार हजार अक्षरांची मर्यादा आहे. त्यातली पहिली दोन-तीन वाक्येच बहुतेक वाचक वाचतात, कारण पुढचा भाग दुमडलेला असतो. थरारकथेचा परिचय लिहिताना मी स्वतःला एक नियम घालून घेतला आहे: कथेच्या पहिल्या चतुर्थांशापलीकडचे काहीही सांगायचे नाही. नायक कोण, त्याच्यावर कोणते संकट आले, किती अवधी उरला आणि अपयश आले तर काय गमवावे लागेल, एवढेच सांगावे. लेखकाला स्वतःच्या सर्वांत चतुर कलाटणीचा मोह पडतो आणि तो तिची चाहूल परिचयातच देऊन बसतो. पण तेवढी चाहूलही सराईत वाचकाला पुरते.

वर्गवारी तीन निवडता येतात आणि शोधशब्दांसाठी सात रकाने मिळतात. त्यांत वाचक प्रत्यक्ष टंकतो ती वाक्खंडे लिहावीत, जसे की बेपत्ता मुलीच्या शोधाची कथा किंवा न्यायालयीन थरारकथा. प्रसिद्ध लेखकांची नावे तिथे घालणे नियमांत बसत नाही.

पुस्तकाचा सुरुवातीचा साधारण दहा टक्के भाग नमुना म्हणून फुकट वाचता येतो. अर्पणपत्रिका, ऋणनिर्देश आणि मनोगत यांनी तो भाग व्यापला तर कथा सुरू होण्याआधीच नमुना संपतो. म्हणून ऋणनिर्देश शेवटी न्यावा आणि शक्य असेल तर नमुना जिथे तुटतो ते ठिकाण मोजून प्रकरणांची लांबी अशी ठेवावी की वाचक उत्कंठेच्या जागी थांबेल. माझ्या दुसऱ्या कादंबरीत मी यासाठी एक लांब प्रकरण दोन भागांत मोडले, आणि कथेलाही त्याचा फायदाच झाला.

किंमत आणि तिचा हिशेब

अमेरिकी दुकानात २.९९ ते ९.९९ डॉलरच्या दरम्यान किंमत ठेवली तर सत्तर टक्के रॉयल्टी निवडता येते. त्याखाली किंवा त्यावर पस्तीस टक्के. सत्तर टक्क्यांच्या पर्यायात फाइलच्या दर मेगाबाइटमागे १५ सेंट वितरणखर्च आधी वजा होतो, म्हणून आतली चित्रे हलकी ठेवावीत. एक मेगाबाइटचे पुस्तक २.९९ डॉलरला विकले तर हातात सुमारे १.९९ डॉलर येतात, आणि तेच ०.९९ डॉलरला विकले तर अवघे ३५ सेंट. म्हणजे स्वस्त पुस्तकाच्या जवळजवळ सहा प्रती खपल्या तरच महाग पुस्तकाच्या एका प्रतीची बरोबरी होते. त्यामुळे ०.९९ ही किंमत मालिकेच्या पहिल्या पुस्तकाला किंवा चार दिवसांच्या सवलतीला शोभते. एकट्या पुस्तकाला ती कायमची लावून ठेवणे म्हणजे वर्षभराची मेहनत वाया घालवणे होय.

पहिले पुस्तक कायमचे फुकट ठेवण्याचा मार्गही पुष्कळ लेखक वापरतात. केडीपीवर शून्य किंमत थेट लावता येत नाही. इतर दुकानांत ते फुकट ठेवून ॲमेझॉनला किंमत जुळवण्याची विनंती करावी लागते आणि ती मान्य करणे त्यांच्या मर्जीवर असते. मी हे दोन वर्षे करून पाहिले. डाउनलोड भरपूर झाले, पण फुकट उतरवलेली पुस्तके बहुतेक वाचक उघडतच नाहीत, हे दुसऱ्या भागाच्या विक्रीवरून कळले. थोडे का होईना, पैसे मोजलेला वाचक पुस्तक वाचतो, आणि वाचणाराच पुढचा भाग घेतो. म्हणून मी ०.९९ कडे परत आले.

एकाच दुकानात राहावे की सगळीकडे जावे

केडीपी सिलेक्ट या केडीपीच्या ऐच्छिक योजनेत पुस्तक घातले की ९० दिवस ते ई-बुक दुसरीकडे कोठेही, अगदी स्वतःच्या संकेतस्थळावरही, देता येत नाही. बदल्यात पुस्तक किंडल अनलिमिटेडच्या, म्हणजे ॲमेझॉनच्या वर्गणी भरून वाचण्याच्या योजनेच्या, सभासदांना वाचायला मिळते, आणि २०१५ च्या जुलैपासून त्याचे पैसे वाचलेल्या पानांप्रमाणे मिळतात. पानाचा दर दरमहा बदलतो आणि तो साधारण अर्ध्या सेंटच्या आत राहत आला आहे. दर ०.४५ सेंट धरला तर चारशे पाने पूर्ण वाचून झाल्यावर १.८० डॉलर होतात, म्हणजे २.९९ ला विकलेल्या प्रतीच्या जवळपास. थरारकथेला हा सौदा बऱ्याचदा परवडतो, कारण पुस्तक अर्धवट टाकणारे वाचक या प्रकारात कमी असतात आणि सभासद वाचक मालिका एका दमात संपवतात.

तरीही सगळी मिळकत एका दुकानाच्या नियमांवर अवलंबून ठेवण्याचे भय मला वाटते. माझी तोडगा म्हणून योजलेली रीत अशी आहे: नवी मालिका पहिले वर्षभर सिलेक्टमध्ये ठेवायची, आणि जुनी मालिका कोबो रायटिंग लाइफ, ॲपल बुक्स, गूगल प्ले बुक्स यांच्याकडे न्यायची. प्रत्येक दुकानात वेगळे खाते सांभाळायला वेळ नसेल तर ड्राफ्ट टू डिजिटलसारखा वितरक काही टक्के घेऊन ते काम करतो. सिलेक्टमध्ये जाण्यापूर्वी एक खबरदारी मात्र घ्यावी. माझ्या कादंबरीची काही प्रकरणे मी पूर्वी क्रमशः प्रसिद्ध केली होती आणि ती काढून टाकायला विसरले होते. सुदैवाने नोंदणीच्या आदल्या रात्री ते लक्षात आले. आपल्याच पुस्तकातले एखादे लांब वाक्य शोधून ते आणखी कोठे सापडते का, हे प्रत्येकाने पाहावे.

अभिप्राय

सुरुवातीचे अभिप्राय आगाऊ वाचकांकडून मिळवावेत. प्रकाशनाच्या महिनाभर आधी वीस-तीस उत्साही वाचकांना पुस्तक फुकट द्यावे, आणि अभिप्राय चांगला असो वा वाईट, तो द्यायचा की नाही हे त्यांच्यावर सोडावे. अट घातली की तो अभिप्राय विकत घेतल्यासारखा होतो. विकतचे अभिप्राय आणि नातेवाइकांचे अभिप्राय दोन्ही नियमबाह्य आहेत. पन्नास अभिप्राय ठरावीक रकमेत मिळवून देण्याचे आश्वासन देणारे पत्र मलाही एका प्रचारसंस्थेकडून आले होते. मी त्याला उत्तर दिले नाही, आणि कोणीच देऊ नये, कारण वाचकाच्या विश्वासावरच हा सगळा व्यवहार उभा आहे.

आगाऊ वाचकांना पाठवायच्या पत्रात आणखी एक विनंती असावी: खुनी कोण आणि कलाटणी कोणती, हे अभिप्रायात लिहू नये. ही विनंती मी पहिल्या पुस्तकाच्या वेळी केली नव्हती, आणि सर्वांत वर दिसणाऱ्या अत्यंत प्रेमळ अभिप्रायाच्या तिसऱ्या ओळीत खुन्याचे नाव होते. लिहिणाऱ्याचा हेतू चांगला होता, त्यामुळे दुःख अधिक झाले.

वाचकांची यादी

दुकान पत्ता देत नाही, म्हणून तो वाचकाकडून आपणच मागायचा. मागण्याची सर्वांत योग्य जागा म्हणजे कादंबरीचे शेवटचे वाक्य संपल्यानंतरचे पान. त्या क्षणी वाचकाच्या मनात नायक जिवंत असतो. तिथे प्रथम पुढच्या पुस्तकाचा दुवा द्यावा, मग दोन-तीन वाक्यांत ई-मेल यादीचे निमंत्रण द्यावे आणि नाव नोंदवणाऱ्याला त्याच नायकाची एखादी छोटी कथा भेट द्यावी. ही कथा पुस्तकातल्या न सांगितलेल्या प्रसंगावर असेल तर ती मागणारा वाचक खरोखर मालिकेतला असतो. बक्षिसाच्या सोडती लावून जमवलेले पत्ते केवळ बक्षिसासाठी आलेले असतात.

नोंदणी करणाऱ्याकडून ई-मेलद्वारे पुन्हा एकदा संमती घ्यावी. प्रत्येक पत्रात नाव काढून घेण्याचा दुवा हवाच, आणि अमेरिकी कायद्याप्रमाणे टपालाचा पत्ताही हवा, ज्यासाठी घरच्या पत्त्याऐवजी टपालपेटी वापरणे सुरक्षित. महिन्यातून एक पत्र पुरे. त्यात मी पोलिसी तपासातल्या एखाद्या बारकाव्याविषयी लिहिते, एखाद्या वाचलेल्या थरारकथेची शिफारस करते, आणि आपल्या पुस्तकाविषयी सांगण्यासारखे असेल तेव्हाच सांगते.

जाहिरात

आता खर्चाचा विचार करता येईल. समजा पहिले पुस्तक ०.९९ आणि पुढची दोन ३.९९ डॉलरला आहेत. शंभर जणांनी पहिले घेतले, त्यांतल्या पन्नास जणांनी दुसरे आणि चाळीस जणांनी तिसरे घेतले, तर एकूण सुमारे २७७ डॉलर येतात. म्हणजे पहिले पुस्तक घेणारा प्रत्येक वाचक आपल्याला २.७७ डॉलरचा आहे. ॲमेझॉनवरच्या जाहिरातीत एका क्लिकला ३० सेंट पडत असतील आणि दहा क्लिकमागे एक प्रत विकली जात असेल, तर एका वाचकासाठी ३ डॉलर जातात आणि आपण तोट्यात असतो. आठ क्लिकमागे एक प्रत गेली तर खर्च २.४० वर येतो आणि तीच जाहिरात फायद्यात चालते. दहाचे आठ करण्याचे काम जाहिरातीच्या बोलीने, म्हणजे क्लिकमागे देऊ केलेल्या रकमेने, होत नाही, ते परिचयाने आणि नमुन्याने होते. मालिकेत एकच पुस्तक असेल तर मात्र त्या वाचकाचे मोल ३५ सेंटच राहते, आणि कोणत्याही कौशल्याने तो हिशेब जुळत नाही.

जाहिरातीचे पैसे लगेच कापले जातात, तर रॉयल्टी महिना संपल्यावर साधारण साठ दिवसांनी येते. ही दरी भरून काढायला पुरेशी शिल्लक नसेल तर दैनिक मर्यादा लहान ठेवावी. बुकबबसारख्या सवलत कळवणाऱ्या सेवेत निवड झाली तर एका दिवसात पुष्कळ विक्री होते. तिच्यासाठी अर्ज करत राहावे, पण नकार मनाला लावून घेऊ नये.

नव्या पुस्तकाची आगाऊ नोंदणी केडीपीवर वर्षभर आधीपासून उघडता येते. अंतिम फाइल प्रकाशनाच्या तीन दिवस आधी द्यावी लागते. नोंदणी उघडली त्याच दिवशी मी आधीच्या प्रत्येक पुस्तकाची फाइल पुन्हा उघडते, शेवटच्या पानावर नव्या पुस्तकाचे नाव आणि दुवा घालते, पहिले प्रकरण जोडते आणि प्रत्येक दुकानात सुधारित प्रत चढवते. चार पुस्तकांना मिळून एक दुपार लागते.