घरच्या व्हिडिओंसाठी साठवण आणि रूपांतर करणारा सर्व्हर
दशावताराचे किंवा गावच्या जत्रेतील नाटकाचे चित्रीकरण चार फोनांत विखुरलेले असेल, तर ते एका जागी ठेवून घरातील कोणत्याही टीव्हीवर पाहण्यासाठी जुना डेस्कटॉपही पुरतो. मात्र प्रोसेसर निवडताना घाई करू नये. इंटेलची सातव्या किंवा त्यानंतरच्या पिढीची चिप घ्यावी, कारण तिच्यातील क्विक सिंक (व्हिडिओ रूपांतराचे खास हार्डवेअर) दहा बिटांचा एचईव्हीसी (कमी जागेत मावणारा नवा व्हिडिओ-प्रकार) व्हिडिओ मुख्य प्रोसेसरला फारसे न शिणवता जुन्या टीव्हीला कळणाऱ्या एच.२६४ मध्ये बदलते. नावाच्या शेवटी ‘एफ’ असलेल्या चिपमध्ये ग्राफिक्सच नसते, म्हणून क्विक सिंकही नसते. ती स्वस्त मिळाली तरी घेऊ नये.

४ टीबीच्या दोन डिस्क मिरर पद्धतीने (दोन्हींवर तीच माहिती) जोडल्यास जागा ४ टीबीच मिळते, पण एक बिघडली तरी काम चालू राहते. याला बॅकअप समजू नये, कारण चुकून पुसलेली फाइल दोन्हीकडून एकाच क्षणी जाते; तिसरी प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवावीच.

डेबियन या मोफत लिनक्स प्रणालीवर जेलिफिन (साठवलेले व्हिडिओ टीव्हीपर्यंत पोचवणारा मोफत प्रोग्राम) बसवून त्याच्या वापरकर्त्याला ‘रेंडर’ गटात (ग्राफिक्स वापरण्याची परवानगी असलेल्या) घालावे आणि ट्रान्सकोडिंगच्या, म्हणजे व्हिडिओ रूपांतराच्या, सेटिंगमध्ये क्विक सिंक निवडावे. यानंतर एक फोर-के फाइल मुद्दाम कमी बिटरेटवर (दर सेकंदाला कमी डेटा) लावावी: प्रोसेसरचा वापर शंभर टक्क्यांना भिडला, तर हार्डवेअरचे रूपांतर चालू झालेलेच नाही.

गोव्याच्या पावसाळ्यात वीज केव्हाही जाते, म्हणून यूपीएस हवाच. खोके ओल धरलेल्या भिंतीपासून वीतभर दूर ठेवावे. माझ्याकडे एकाच चतुर्थीपर्यंत मागचे स्क्रू तांबूस झाले होते.