कोचीला जहाज लागलं की काय करायचं

मुंबईहून दक्षिणेला जाणाऱ्या क्रूझवर कोची बरेचदा असतंच, आणि आदल्या रात्री जेवणाच्या टेबलावर हमखास तोच प्रश्न निघतो. जहाजवाल्यांची टूर घ्यायची की आपलं आपण फिरायचं? आमच्या घरात यावर दोन पक्ष आहेत. ह्यांना गळ्यात बिल्ला आणि बसमध्ये खिडकी मिळाली की ते खूश. मला गाईडच्या झेंड्यामागे पळायला आवडत नाही. पण वाद बाजूला ठेवला तर हिशेब सरळ आहे. फोर्ट कोची आणि मट्टणचेरी हे कोचीचे जुने भाग स्वतः फिरा. आलप्पुळाला (अलेप्पीला) जाऊन बॅकवॉटर बघायचंच असेल तर मुकाट्याने जहाजाची टूर घ्या.

याचं कारण पैसे नाहीत, वेळ आहे. जहाजाने आयोजित केलेल्या टूरची बस अडकली तर जहाज थांबतं, नाहीतर तुम्हाला पुढे पोहोचवायची जबाबदारी त्यांची असते. तुमची रिक्षा अडकली तर जहाज सुटतं. आलप्पुळा पन्नासेक किलोमीटरवर आहे. नकाशा दीड तास दाखवतो, पण अरूर ते तुरवूर हा उन्नत महामार्गाच्या कामाचा पट्टा आहे आणि तिथल्या कोंडीने भल्याभल्यांचं वेळापत्रक खाल्लेलं आहे. बाहेरचा एजंट निम्म्या पैशात तीच सहल देतो हे खरं. पण तो संध्याकाळी जहाजाच्या कप्तानाला फोन करू शकत नाही.

आता स्वतः फिरणाऱ्यांसाठी. रात्री केबिनमध्ये येणाऱ्या कागदावर किंवा जहाजाच्या ॲपवर दोन वेळा असतात. एक जहाज सुटायची आणि दुसरी सगळ्यांनी परत चढायची. लक्षात ठेवायची ती दुसरी, आणि ती पहिलीपेक्षा अर्धा ते एक तास आधीची असते. मी त्यातून आणखी दीड तास वजा करते आणि घरच्यांना तीच वेळ सांगते. त्याच कागदावर पोर्ट एजंटचा, म्हणजे जहाज कंपनीच्या बंदरातल्या माणसाचा, फोन नंबर असतो. त्याचा फोटो काढून ठेवा. उशीर होतोय असं दिसलं तर पहिला फोन त्याला करायचा, नातेवाईकांना नाही. जहाजाचं कार्ड आणि आधार दोन्ही जवळ हवं, कारण बंदराच्या दारावर सीआयएसएफचे जवान दोन्ही मागू शकतात. दागिने आणि जास्तीची रोकड केबिनच्या तिजोरीत ठेवा. जहाजावर असेपर्यंत मोबाइल एअरप्लेन मोडवरच असू द्या. जहाजाचं स्वतःचं मोबाइल नेटवर्क पकडलं गेलं की बिल डोळे पांढरे करतं.

जहाज लागतं ते विलिंग्डन बेटावर. हे बेट बरंचसं निसर्गाचं नाही. विसाव्या शतकात रॉबर्ट ब्रिस्टो या इंजिनिअरने बंदर खोल करताना निघालेल्या गाळाने ते घडवलं. बेटावर नौदलाच्या दक्षिण कमांडचं ठाणं आहे, म्हणून रस्त्यात आणि पुलांवर कॅमेरा सांभाळून काढा. ड्रोन तर घरीच राहू द्या. पोरांना हे आधीच सांगून ठेवा.

बाहेर पडलात की रिक्षा-टॅक्सीवाल्यांचा गराडा पडतो. गडबडून पहिल्याच्या मागे जाऊ नका, दारापासून थोडं पुढे चालत या. ॲपवरची गाडी बोलवायची तर तीही दाराबाहेरच बोलवलेली बरी. रिक्षा मीटरवर मिळाली तर उत्तम, पण क्रूझच्या प्रवाशाला बघून मीटर सहसा बंद असतो. मग मी असा सौदा करते (चेट्टा म्हणजे मल्याळममध्ये दादा): ‘चेट्टा, फोर्ट कोची, मट्टणचेरी, वापस यहीं. दुकान नहीं. कितना?’ यातलं ‘दुकान नहीं’ सर्वात महत्त्वाचं. मसाल्याच्या किंवा गालिच्याच्या शोरूममध्ये गिऱ्हाईक नेलं की चालकाला कमिशन किंवा कूपन मिळतं, तुम्ही काही घेतलं नाहीत तरी. म्हणून तो फारच स्वस्त दर सांगतो आणि ‘फक्त पाच मिनिटं बघा’ म्हणत तुमचा अर्धा दिवस तिथे घालवतो. दर माणशी की गाडीचा, थांबण्याचे वेगळे का, हे बसण्यापूर्वी बोलून घ्या. पैसे शेवटी, बंदराच्या दारात. रिक्षाच्या नंबराचा फोटो समोरच काढा. भल्या माणसाला त्याचं काही वाटत नाही.

पाण्यानेही जाता येतं. एर्नाकुलमच्या, म्हणजे मुख्य शहराच्या, जेट्टीवरून सरकारी बोट अगदी किरकोळ तिकिटात फोर्ट कोचीला नेते, आणि 2024 पासून हायकोर्टच्या धक्क्यावरून तिथे वॉटर मेट्रोही जाते. गार डब्यातून वीसेक मिनिटांत पलीकडे. सासूबाईंना रिक्षाच्या हादऱ्यांपेक्षा हे मानवतं. एकच पथ्य: बोटीने जा, पण परतताना रस्त्याने या. सुटीच्या दिवशी संध्याकाळी फोर्ट कोचीच्या धक्क्यावर रांग लागते, आणि ऐन परतीच्या वेळी रांगेत अडकण्यासारखा जीवाला घोर नाही.

क्रम असा ठेवा: आधी फोर्ट कोची, मग मट्टणचेरी. रस्त्याने परतताना मट्टणचेरी आणि तोप्पुंपडीवरूनच बेटावर यायचं असतं, त्यामुळे दिवस जसा सरकतो तसे तुम्ही जहाजाच्या जवळ येत जाता. सेंट फ्रान्सिस चर्च मूळचं 1503चं. वास्को द गामा 1524 साली कोचीतच वारला आणि इथेच पुरला गेला. पुढे त्याच्या अस्थी लिस्बनला नेल्या, थडग्याचा दगड राहिला. रविवारी सकाळी प्रार्थना असते, तेव्हा पर्यटकांनी बाहेरच थांबावं. तिथून चिनी जाळ्यांपर्यंत चालत जाता येतं. जाळ्यापाशी उभं राहिलं की कोळी दादा हसत हाक मारतात, ‘या, ओढा!’ लाकडाचा प्रचंड दांडा, पलीकडे दोरांना बांधलेले दगड, पाचसहा जण मिळून खेचतात आणि ठिबकणारं जाळं वर येतं. आत बहुतेक वेळा मूठभर मासे. मजा जरूर घ्या, पण ही हाक फुकट नसते. शंभराची नोट आधीच खिशात वेगळी ठेवा आणि आधी विचारा. तिथल्या पाण्यात मात्र उतरू नका. ही खाडीची तोंडाची बाजू आहे, मोठी जहाजं याच वाटेने जातात आणि ओढ जबर असते.

मट्टणचेरीत जायच्या आधी वार बघा. पोर्तुगीजांनी 1555 साली कोचीच्या राजाला बांधून दिलेला राजवाडा शुक्रवारी बंद असतो, आणि ‘परदेशी’ नावाचं 1568चं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, शुक्रवारी आणि शनिवारी. म्हणजे जहाज शुक्रवारी लागलं तर दोन्ही गेले. मग फोर्ट कोचीतच निवांत फिरावं आणि उगाच दाराला कुलूप बघायला जाऊ नये. उघडं असेल तर राजवाड्यातली रामायणाची भित्तिचित्रं चुकवू नका. ती मी टाइल्सच्या वर ठेवते. सिनेगॉगमधल्या हाताने रंगवलेल्या चिनी टाइल्सचीच कीर्ती जास्त आहे, पण ते आपलं माझं मत. खांदे-गुडघे झाकलेले हवेत, चपला बाहेर.

आपल्याला जवळचं वाटेल असंही काही इथे आहे. पोर्तुगीजांच्या जाचामुळे गोवा सोडून आलेल्या गौड सारस्वतांची वस्ती मट्टणचेरीत आहे. त्यांचं तिरुमल देवस्थान चेरलाईत, आणि आसपासच्या दुकानांत आजही कोंकणी ऐकू येते. आपण मराठीत दोन वाक्यं टाकली की समोरचा कान टवकारतो आणि भावही जरा नरम होतो. देऊळ दुपारी बंद असतं, तेव्हा सकाळीच जा किंवा बाहेरूनच नमस्कार करा. मिरी-वेलची घ्यायची तर शोरूमपेक्षा अशाच जुन्या पेढीवर घ्या.

केरळात जायचं म्हणजे हरताळाची शक्यता धरावीच लागते. 2019 मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने सात दिवस आधी सूचना देण्याचं बंधन घातलं, तरी आदल्या रात्री बातम्या बघून घ्या. हरताळाच्या दिवशी दुकानं बंद, रिक्षा नाहीत, आणि निघालात तर परतायची पंचाईत. त्या दिवशी टूर असेल तरच बाहेर पडा, नाहीतर जहाजावरच राहा, त्या दिवशी तिथला पोहण्याचा तलाव रिकामा असतो.

उकाडा हा कोचीतला खरा चोर आहे. बाटलीबंद पाणी, टोपी, आणि घामाने चालायचा कंटाळा आलेल्या ज्येष्ठांसाठी दर तासाला सावलीत दहा मिनिटं. पाकीट पुढच्या खिशात ठेवा. एवढं जपलं तरी काही बिनसलंच, तर 112 लावा आणि मग लगेच पोर्ट एजंटला कळवा.