न्यू जर्सीत प्रायमरीचं मत द्यायचंय?

एडिसनमधल्या बऱ्याच मराठी घरांत नोव्हेंबरचं मतदान चुकत नाही, जूनची प्रायमरी, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणारी निवडणूक, मात्र हटकून राहून जाते. खरी चुरस अनेकदा तिथेच असते, कारण एकाच पक्षाचा जोर असलेल्या गावात निकाल जूनमध्येच लागल्यासारखा असतो.

आधी स्वतःची नोंद ऑनलाइन बघा. नावापुढे पक्ष कोणता आहे? न्यू जर्सीची प्रायमरी बंदिस्त असते, म्हणजे डेमोक्रॅट मतदार रिपब्लिकनांच्या प्रायमरीत मत देऊ शकत नाही. पक्ष बदलायचा तर प्रायमरीच्या ५५ दिवस आधी अर्ज जायला हवा. एप्रिल उजाडला की धावपळ नको. पक्षच नोंदवलेला नसेल तर मात्र केंद्रावर त्याच दिवशी सांगता येतं. नवी मतदार नोंदणी २१ दिवस आधीपर्यंत. (ग्रीन कार्डवर मत देता येत नाही, नागरिकत्व लागतं. हे दरवर्षी कुणीतरी विचारतंच.)

काउंटी क्लार्क (काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा भाग) नमुना मतपत्रिका काढतो, ती घरी चहा घेत नीट वाचा. वरची मोठी नावं सगळ्यांना ठाऊक असतात. नजर खाली न्या, पक्षाच्या काउंटी कमिटीच्या रकान्याकडे. आपल्या दोन-चार गल्ल्यांचा पक्षप्रतिनिधी तिथे निवडला जातो, आणि तिथे मोजक्या मतांनीही फरक पडतो.

टपाली मतपत्रिका मागवली असेल तर तीच भरून पाठवा. केंद्रावर गेलात तर मशीनवर मत देता येत नाही, तात्पुरती कागदी मतपत्रिका हातात पडते. केंद्रं सकाळी ६ ते रात्री ८ उघडी असतात.