फ्लूच्या लसीकरणासाठी संस्था एकत्र येतात तेव्हा: या चुका टाळा

इन्फ्लूएन्झाची लस राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात नाही. पोलिओसारखा ठरलेला रविवार, ठरलेलं बूथ आणि घरोघरी फिरणारी माणसं तिच्या वाट्याला येत नाहीत. महाराष्ट्रात राज्य सरकारने २०१५ पासून गरोदर महिला, मधुमेह व उच्च रक्तदाबाचे रुग्ण आणि आरोग्य कर्मचारी यांना ती मोफत द्यायला सुरुवात केली. बाकीच्यांपर्यंत पोहोचायचं तर महापालिकेचे दवाखाने, डॉक्टरांच्या संघटनेच्या (आयएमए) शाखा, बालरोगतज्ज्ञांची संघटना, धर्मादाय रुग्णालयं आणि रोटरी-लायन्ससारखे क्लब यांनी हात मिळवायला हवेत. ते मिळवतातही. पण कोणी काय करायचं हे ठरत नाही आणि तिथेच मोहीम फसते.

साथ आल्यावर बैठक बोलावणं

ऑगस्ट २००९ मध्ये स्वाइन फ्लूने देशातला पहिला बळी पुण्यात घेतला आणि तपासणीसाठी रुग्णालयांबाहेर रांगा लागल्या. तेव्हा लस नव्हती. आता आहे, तरी विचारणा अजूनही बातम्या आल्यावरच वाढते. पुण्या-मुंबईकडे फ्लू जोर धरतो तो पावसाळ्यात, मुख्यतः जुलै ते सप्टेंबर. (श्रीनगरला तो जानेवारी ते मार्चमध्ये असतो, म्हणून देशभर एकच वेळापत्रक चालत नाही.) लस टोचल्यावर संरक्षण तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात. ऑगस्टमधलं शिबिर अगदीच वाया जात नाही, पण निम्मा हंगाम हातून गेलेला असतो.

लसीत कोणते विषाणू असावेत हे जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा सांगते: फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी आणि सप्टेंबरमध्ये दक्षिण गोलार्धासाठी. आपल्या पावसाळ्याआधी दक्षिण गोलार्धाची नवी लस मिळवायची, तर संस्थांची बैठक फेब्रुवारीतच व्हावी, मागणी मार्चमध्ये नोंदवावी आणि शिबिरं मे ते जूनच्या मध्यापर्यंत उरकावीत. माल ताब्यात घेताना खोक्यावरचा हंगाम आणि मुदत वाचा.

आषाढी वारीच्या वाटेवर सरकारी पथकांबरोबर कितीतरी संस्था दवाखाने चालवतात. तिथे सेवा देणाऱ्या प्रत्येकाला पालखीच्या प्रस्थानाआधी किमान पंधरा दिवस लस मिळालीच पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

हॉल बुक केला की काम झालं, असं समजणं

सोसायटीच्या हॉलमध्ये शिबिर घेतलं की चालती-फिरती, स्वतः विकत घेऊ शकणारी माणसं येतात. डायलिसिसवर असलेले, दम्याचे रुग्ण, अंथरुणाला खिळलेले आजी-आजोबा आणि गरोदर बायका येत नाहीत. ज्यांना धोका जास्त, तेच राहून जातात.

त्यांना बोलावत बसण्यापेक्षा ते जिथे जातातच तिथे लस न्या. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात गरोदर महिला तपासणीला येतात. त्याच दिवशी, त्याच ठिकाणी, डॉक्टरांच्या सल्ल्याने लस देता येते. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला ही लस देता येत नाही, त्याला संरक्षण मिळतं ते आईने गरोदरपणी घेतलेल्या लसीतून. हे आईला कळलं तर ती सहसा नाही म्हणत नाही.

मात्र आशाताईने दोन महिने समजावून सांगायचं आणि खासगी डॉक्टरांनी एका वाक्यात "आत्ता कशाला? बघू नंतर" म्हणायचं, हे फार ठिकाणी होतं. माझ्या मते सगळ्यात मोठं नुकसान इथेच होतं. फलक छापण्याआधी परिसरातल्या स्त्रीरोगतज्ज्ञांना आणि फॅमिली डॉक्टरांना भेटा, त्यांच्या शंका ऐका आणि त्यांना स्वतःला लस द्या. लोक त्यांचं ऐकतात.

प्रत्येकाने वेगळं सांगणं

एक संस्था म्हणते चार विषाणूंचीच लस घ्या, दुसरी तीनची देते, आणि माणूस गोंधळून घरी जातो. चारच्या लसीतला जादाचा विषाणू म्हणजे बी-यामागाता. हा प्रकार मार्च २०२० नंतर जगात खात्रीने सापडलेला नाही, त्यामुळे जागतिक आरोग्य संघटनेने तो लसीत ठेवायची गरज नसल्याचं सांगितलं आहे. चारची मिळत नाही म्हणून थांबू नका, हे सगळ्यांनी एका आवाजात सांगावं.

हात दुखेल, एखाद-दोन दिवस कणकण वाटेल, आणि लस घेऊनही साधी सर्दी होऊ शकते, कारण ती इतर विषाणूंनी होते, हेही आधीच सांगा. नंतर सांगितलं तर सबब वाटते.

शीतसाखळी सगळ्यांची, म्हणजे कुणाचीच नाही

कारखान्यापासून टोचेपर्यंत लस सतत थंड, म्हणजे दोन ते आठ अंश सेल्सिअसमध्येच राहायला हवी; हीच शीतसाखळी. उन्हाची काळजी सगळे घेतात, पण गोठून खराब होण्याचा धोका विसरतात. फ्रीजरमधला कडक आइस पॅक थेट लसीच्या डब्यात ठेवू नका. बाहेर काढून थोडा वेळ थांबा, कानाशी धरून हलवा आणि आत पाणी खळखळलं की मगच ठेवा. गोठून पुन्हा वितळलेली कुपी नुसती बघून ओळखू येत नाही. हे काम एकाच प्रशिक्षित व्यक्तीकडे द्या आणि तिचं नाव डब्यावर लिहा. टोचल्यावर अर्धा तास बसायला जागा आणि तीव्र ॲलर्जी आलीच तर द्यायच्या ॲड्रेनलिन इंजेक्शनसह डॉक्टर हवेतच.

नोंद न ठेवणं

गरोदर महिलेची नोंद माता-बाल संरक्षण कार्डावर करा, म्हणजे प्रसूतीच्या ठिकाणीही ती दिसेल. नऊ वर्षांखालच्या मुलाला पहिल्यांदाच लस देत असाल तर चार आठवड्यांनी दुसरा डोस लागतो. शिबिर संपलं की संस्था पांगतात आणि तो राहून जातो. दुसऱ्या डोसची तारीख, ठिकाण आणि फोन करणाऱ्याचं नाव पहिल्या दिवशीच ठरवा. मुलांचं शिबिर मेच्या पहिल्या आठवड्यात घेतलंत, तर दुसरा डोस शाळा उघडण्याआधी होतो.