जुना टीव्ही गेम आणि पिवळी पिन

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावर माझा शाळेतला टीव्ही गेम सापडला. कॅसेटवाला, 1983च्या फॅमिकॉम या जपानी गेमयंत्राची नक्कल. नव्या टीव्हीला पिवळं-पांढरं सॉकेटच नाही, फक्त 'एव्ही इन' लिहिलेलं हेडफोनसारखं बारीक भोक. बाजारातून 80 रुपयांची केबल आणली, एका टोकाला बारीक पिन, दुसऱ्या टोकाला रंगीत सॉकेटं. पडद्यावर काहीच नाही, स्पीकरमधून मात्र घूंऽऽ!

दोन संध्याकाळी गेमला वीज देणाऱ्या अडॅप्टरला शिव्या घातल्या. बिचारा निर्दोष होता. केबलच्या त्या बारीक पिनवर तीन काळ्या रेघा, म्हणजे चार कप्पे, आणि कुठल्या कप्प्यात चित्र अन् कुठल्यात आवाज हे प्रत्येक कंपनीचं वेगळं. गेमची पिवळी पिन केबलच्या लाल सॉकेटात खुपसली आणि चित्र आलं, रंगासकट.

तरी पडदा मधूनच गचके खायचा. लहानपणी आम्ही कॅसेटमध्ये फुंकर मारायचो; त्या ओलाव्यानं उलट कॅसेटच्या धातूच्या पट्ट्या गंजतात. कानकाडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसलं, कापूस काजळासारखा काळा. वाळू दिलं, मग ठणठणीत.

पडद्यावरची बदकं टिपायची गेमची बंदूक मात्र चालत नाही. तिला जुन्या डबा टीव्हीचाच झोत लागतो, त्यामुळे बदकं सुखात आहेत.