गोमुख-तपोवन: एजन्सीसोबत जाताय, तरी एवढं बघून जा

मे आणि सप्टेंबर जवळ आला की ओळखीतलं कोणीतरी विचारतंच, तपोवनचा ट्रेक करायचाय, कुठली एजन्सी घेऊ? नाव मी कोणाचंच सांगत नाही, पण एजन्सी पारखायची कशी आणि गाइड सोबत असला तरी आपल्या डोक्यात काय पक्कं असायला हवं ते एकदाच इथे लिहून ठेवतो, म्हणजे पुढच्या वेळी नुसती लिंक पाठवता येईल.

आधी वाट समजून घ्या. गंगोत्री साधारण ३,१०० मीटरवर. तिथून भागीरथीच्या कडेने ९ किमीवर चीडबासा (३,६००), १४ किमीवर भोजबासा (३,८००). त्यापुढे चार-पाच किमीवर गोमुख, म्हणजे गंगोत्री हिमनदीचं तोंड, आणि त्याच्या वरच्या अंगाला तपोवन, साधारण ४,४५० मीटरवरचं पठार, समोर ६,५४३ मीटरचं शिवलिंग. हिमनदी चौखंबाकडून खाली येते, लांबी ३० किमीच्या आसपास. आणि ती पांढरीशुभ्र वगैरे नाही बरं का, खालच्या टप्प्यात सगळी दगडमातीने झाकलेली आहे, पहिल्यांदा बघणाऱ्याला खाणीतलं डबर टाकलंय असंच वाटतं, बर्फ दिसतो तो फक्त जिथे कडा तुटलाय तिथे, काळपट निळा.

आता मुद्द्याचं. आयटिनररी हातात आली की दिवस मोजू नका, किती किमी चालायचंय तेही नंतर बघा, आधी प्रत्येक रात्री किती उंचीवर झोपवतायत ते पेनाने बाजूला लिहा. ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपायची उंची दिवसाला ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांत एक रात्र त्याच उंचीवर काढावी, हा डॉक्टरांनी घालून दिलेला साधा हिशोब आहे. तो इथे लावून बघा. गंगोत्रीहून थेट भोजबासा म्हणजे ७०० मीटरची उडी, दुसऱ्या दिवशी भोजबासाहून तपोवन म्हणजे अजून ६५०. बऱ्याच स्वस्त आयटिनररी नेमक्या अशाच आहेत, उत्तरकाशीहून दुपारी गंगोत्रीत टेकवायचं, सकाळी उठवून भोजबासा, तिसऱ्या दिवशी तपोवन. फिट माणसं करतातही, पण मग तपोवनात पोचून अर्धा ग्रुप डोकं धरून टेंटमध्ये पडलेला असतो आणि शिवलिंग बघायला बाहेर कोणीच नसतं. पैसे कशाचे दिले मग?

चांगली आयटिनररी म्हणजे गंगोत्रीत दोन रात्री, मग चीडबासात एक आणि भोजबासात एक, किंवा थेट भोजबासातच दोन, आणि मग तपोवन. एजन्सी चीडबासात थांबत नसेल तर भोजबासातली जादा रात्र मागून घ्या, त्या दिवशी गोमुखाच्या दिशेने जाऊन परत यायचं, वर चढा आणि खाली येऊन झोपा. गंगोत्रीतला मोकळा दिवसही लोळून काढू नका. गरतांग गली उघडी असेल तर लंका पुलापासून चालत जाऊन या, जाड गंगेच्या घळीत कड्याला ठोकलेला जुना लाकडी जिना आहे, तिबेटशी व्यापार चालायचा त्या काळातला, २०२१ मध्ये दुरुस्त करून परत खुला केला.

सह्याद्रीवाल्यांसाठी एक खास सूचना, कारण आपण सगळे इथेच गोत्यात येतो. नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड केलाय, राजगड-तोरणा एका दिवसात मारलाय, तर पाय तयार असतात यात वादच नाही, पण फुप्फुसांना त्याची काही खबर नसते. कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे आपला सगळ्यात उंच माथा गंगोत्रीच्या हॉटेलपेक्षा जवळजवळ दीड हजार मीटर खाली. उलट दमदार माणूस पहिल्या दिवशी पुढे पळतो आणि संध्याकाळी त्याचंच डोकं ठणकतं. बोलत बोलत चालता येईल एवढ्याच स्पीडने चाला, गाइड मागे ठेवत असेल तर राग मानू नका. तयारी म्हणून तीन महिने आधीपासून जिने आणि पाठीवर वजन घेऊन दर रविवारी सिंहगड पुरे, पण उतरणंही सराव म्हणूनच करा, गुडघे तिथेच बोलतात.

एजन्सीला फोनवर काय विचारायचं? "सेफ्टी आहे ना?" असं विचारलंत तर "हो सर, फुल्ल सेफ्टी" हेच उत्तर येणार. त्यापेक्षा असं विचारा की आमच्यासोबत प्रत्यक्ष जो येणार त्याने कोर्स कुठला केलाय, उत्तरकाशीच्या निममधून (नेहरू गिर्यारोहण संस्था), दार्जिलिंगच्या संस्थेतून की मनालीहून, बेसिक की ॲडव्हान्स, की नुसताच वाटाड्या आहे. वाटाड्या वाईट असं अजिबात नाही, तिकडच्या गावातल्या भैजींना, म्हणजे दादा लोकांना, डोंगर जेवढा कळतो तेवढा कोर्सवाल्यालाही कळत नाही, पण दोघांपैकी एकाला तरी प्रथमोपचार आणि दोराचं काम येत असलं पाहिजे. दहा जणांमागे किती गाइड? ऑक्सिजनचा सिलिंडर तपोवनापर्यंत येतो की भोजबासालाच राहतो? आणि सगळ्यात महत्त्वाचं, रात्री दोन वाजता तपोवनात कोणाला श्वास लागला तर नेमकं काय करणार, कोण उचलणार, कुठून उतरवणार? या प्रश्नावर समोरचा अडखळला की फोन ठेवून द्या. "हेलिकॉप्टर बोलवू" म्हणाला तरी ठेवा, कारण रेंज नाही, सॅटेलाइट फोन आपल्याकडे परवानगीशिवाय वापरता येत नाही आणि रात्री हेलिकॉप्टर येत नाही. इन्शुरन्स काढाल त्यात उंचीची मर्यादा किती ते वाचा, पुष्कळ पॉलिसी तपोवनाच्या खालीच संपतात.

पोर्टरचंही विचारा. बरेचसे नेपाळी असतात, दाजू म्हणा, खूश होतात. त्यांच्या पाठीवर किती किलो देतात, त्यांना झोपायला टेंट आहे का, पायात बूट आहेत का. ज्या एजन्सीचे पोर्टर स्लिपरवर मोरेन, म्हणजे हिमनदीने आणून टाकलेले दगडमातीचे ढीग, चढतात ती एजन्सी वेळ आली की तुमच्यावरही पैसे वाचवणार, हे माझं ठाम मत आहे.

परवानगीचं काम एजन्सी करते, पण कागद स्वतः बघून घ्या. हा सगळा भाग गंगोत्री नॅशनल पार्कमध्ये येतो, गोमुखाच्या वाटेवर दिवसाला १५० माणसांचीच मर्यादा आहे, आणि गोमुखाचा परवाना म्हणजे तपोवनाचा परवाना नव्हे, ते वेगळं प्रकरण आहे. चारधाम यात्रेच्या काळात गंगोत्रीसाठी यात्रा रजिस्ट्रेशनही लागतं, ते ट्रेकवाल्यांनाही लागू. ओळखपत्राच्या दोन-तीन झेरॉक्स खिशात ठेवा.

कधी जायचं? मेच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत, किंवा सप्टेंबर ते ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा. मे मध्ये वर बर्फ सापडतो आणि गर्दी असते, सप्टेंबरमध्ये हवा स्वच्छ आणि रात्री जास्त गार. मी सप्टेंबरच सांगेन. जुलै-ऑगस्ट अजिबात नको, दरडी आहेतच, शिवाय कावड घेऊन येणाऱ्यांची झुंबड, आणि लक्षात ठेवा त्यांचा श्रावण आपल्यापेक्षा पंधरा दिवस आधी लागतो, कालनिर्णय बघून तारखा काढलेल्या फसतात. ५ ऑगस्ट २०२५ ला धरालीत खीरगंगेला आलेल्या लोंढ्याने अख्खा बाजार गाडला, तो गाव याच रस्त्यावर आहे, हर्षिल आणि गंगोत्रीच्या मध्ये. पावसाळा नसला तरी उत्तरकाशी ते गंगोत्री हा १०० किमीचा रस्ता कधीही तासन्‌तास बंद पडू शकतो, म्हणून परतीचं ट्रेनचं किंवा फ्लाइटचं तिकीट एक दिवस मोकळा सोडूनच काढा. सोमवारी ऑफिस असेल तर शनिवारी डेहराडूनात असलं पाहिजे.

सामानाची यादी सगळीकडे मिळते, फक्त जिथे लोक घोळ घालतात तेवढंच सांगतो. बूट नवेकोरे नेऊ नका. जीन्स नको, कॉटनचे मोजे नको. कपडे एक जाडजूड जॅकेट असे न घेता थर घालता येतील असे घ्या. स्लीपिंग बॅग एजन्सी देते, लायनर, म्हणजे आत घालायचं पातळ अस्तर, स्वतःचा न्या, का ते बॅग उघडली की कळेल. गॉगल साधा फॅशनवाला नको, यूव्हीवाला. रात्री पाण्याची बाटली, फोन, पॉवर बँक आणि कॅमेऱ्याची बॅटरी स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपायचं, बाहेर ठेवलंत तर सकाळी बाटलीत बर्फ आणि फोन मेलेला. बायकांनी तारीख नसली तरी पॅड किंवा कप ठेवावाच, उंचीवर पाळी मागेपुढे होते, आणि वापरलेलं झिप पिशवीत घालून खाली आणायचं, तिथे पुरायचं नाही. खायला भडंग, चिक्की, खजूर, जे घरी आवडीने खाता तेच, कारण उंचीवर भूक मरते आणि तेव्हा हेल्दी बार घशाखाली उतरत नाही. गंगोत्री सुटली की वाटेत टपरी-दुकान काही नाही.

चालताना दोन जागा. चीडबासा आणि भोजबासाच्या मध्ये गिला पहाड म्हणून पट्टा लागतो, वरून दगड सुटतात. ऊन वर आलं की गोठलेली माती सैल होते आणि बकऱ्या, म्हणजे भरल, वरून फिरल्या तरी खडे घरंगळतात, त्यामुळे तिथे सेल्फी नाही, पाणी प्यायला बसणं नाही, एकेकाने अंतर ठेवून नजर वर ठेवत पार व्हायचं. हेडफोन कानात असेल तर काढा, दगडाचा आवाज आधी येतो.

दुसरी जागा ट्रॉली. पूर्वी गोमुखाच्या वरून हिमनदी ओलांडून तपोवनाला चढायचे, पण तोंडाकडचा भाग सतत ढासळतोय, १९३५ पासूनच्या मोजमापात ते वर्षाला साधारण २० मीटरच्या हिशोबाने मागे गेलंय, त्यामुळे आता भोजबासाहून नदी पार करून पलीकडच्या तीराने चढतात. पार कसं, तर तारेवर लटकलेला लोखंडी पाळणा, एका वेळी दोन-तीन जण, आणि दोन्ही काठांवरून माणसं दोर ओढतात. मधोमध पाळणा थांबतो, खाली भागीरथी, सिमेंट कालवल्यासारखं राखाडी पाणी. हात पाळण्याच्या आतच, तारेला आणि कप्पीला लावायचा नाही. दोर ओढायला मदत करायची असेल तर लोकरीचे हातमोजे नकोत, घसरतात. वाट दरवर्षी थोडीफार बदलते, तेव्हा यंदा कुठून नेणार ते गाइडला भोजबासात विचाराच.

आणि इथेच खरा निर्णय घ्यायचा असतो, ट्रॉलीच्या अलीकडे. भोजबासात कोणी आजारी पडलं तर रुळलेली वाट आहे, १४ किमी खाली आणता येतं. ट्रॉलीपलीकडे गेलात की त्याच माणसाला आधी मोरेनच्या डुगडुगत्या दगडांवरून उतरवायचं, मग रात्र असेल तर पाळण्याची वाट बघायची. म्हणून त्या सकाळी स्वतःशी खोटं बोलू नका. डोकं दुखतंय, पण नाश्ता-पाणी घेऊन तासाभरात उतरलं, तर ठीक. दुखतंय आणि मळमळतंय, किंवा रात्रभर झोप नाही, तर तो दिवस भोजबासातच. सरळ रेषेत टाचेला अंगठा लावत दहा पावलं चालून बघा, तोल गेला तर मेंदूला सूज यायला लागलीय, तिथे थांबायचंही नाही, लगेच खाली. बसल्या जागी धाप आणि खोकला असेल तरी तेच, खाली. उंचीच्या त्रासावरची डायमॉक्सची गोळी घेणारे असाल तर आधी आपल्या डॉक्टरशी बोला, सल्फाची ॲलर्जी असली तर विशेषच, आणि ती गोळी म्हणजे वर चढायचा परवाना नाही. ऑक्सिमीटरवर ८२ आलं आणि शेजाऱ्याचं ८८ म्हणून टेन्शन घेऊ नका, माणूस कसा दिसतोय ते बघा. गाइड "चलो चलो, हो जाएगा" म्हणाला तरी नाही म्हणायचा हक्क तुमचा आहे, आणि गाइड थांबा म्हणाला तर मात्र वाद घालायचा नाही.

तपोवनात शक्यतो दोन रात्री मिळवा. दुपारनंतर ढग येतात, शिवलिंग सकाळीच बघायचं, पहिलं ऊन टोकाला लागतं तेव्हा टेंटबाहेर उभं राहायचं, थंडी वाजली तरी. आकाशगंगेचा ओढा सकाळी उडी मारून ओलांडता येतो आणि दुपारी तोच गुडघ्याला लागतो, वरचा बर्फ दिवसभर वितळत असतो ना, त्यामुळे उतरायला सकाळी लवकर निघायचं. उतरताना काठ्या घ्या, घाई नको.

जाताना वाटेवरच्या कनखूच्या वनखात्याच्या चौकीवर बॅगेतलं प्लास्टिक मोजून डिपॉझिट घेतात, परत येताना तेवढंच दाखवलं की पैसे मिळतात. पावती ज्याच्याकडे दिलेली असते तोच नेमका सगळ्यात मागे राहतो, तेव्हा निघतानाच सगळ्यांनी तिचा फोटो काढून ठेवा.